मन्मथअप्पा आणि अडकलेलं लग्न

मन्मथअप्पा कुठलंही यंत्र दुरुस्त करायला आले की आधी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. समोर मालकाला बसवायचे, चहा मागवायचे आणि चौकशी सुरू करायचे. "कवापासून बंद पडतंय? त्या टायमाला ऊन व्हतं का सावली? घरात कोन कोन व्हतं? तू काय करत व्हतास?" विहिरीवरची मोटार असो की मांडवातला ॲम्प्लिफायर, प्रश्न हेच. कोणी वैतागून म्हणालं, "अप्पा, मोटार तरी बघा की," तर म्हणायचे, "मोटार कुठं पळून चालली? तिला लपवाछपवी जमत न्हाई. तुला जमती."

पाटोद्यात बसस्टँडमागच्या बोळात त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, असा धंदा. ते तार गुंडाळायचे आणि शेजारी पोत्यावर बसून त्यांची बायको, शकुंतलाकाकू, वेढे मोजायच्या. अप्पांचं मोजण्यावर लक्ष नसायचं, कारण त्यांचं तोंड चालू असायचं. गळ्यात कापडात बांधलेलं इष्टलिंग होतं. यंत्रावर वाकण्याआधी ते लिंग पाठीवर टाकायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मला शॉक बसला तर चालतंय. देवाला कावून?"

मी तेव्हा लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचो. व्हिडिओ कॅसेट मागे पडून सीडी आली होती आणि पाटोद्यात कॉम्प्युटरवर लग्न करून देणारा मी पहिला होतो. औरंगाबादहून सुटे भाग जोडून आणलेला कॉम्प्युटर आमच्या घरात, गिरणीच्या मागच्या खोलीत होता. गिरणी वडिलांची. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पुढे ज्वारी दळली जायची आणि मागे मी नवरदेवाला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायचो, नवरीभोवती बदाम उडवायचो. लोकांना असलंच आवडायचं. बदाम कमी पडले तर नवऱ्याकडचे रुसायचे.

हे सगळं जोडून झालं की शेवटी कॉम्प्युटरला त्या तुकड्यांची एक सलग फिल्म बनवायला सांगावं लागे. त्याला रेंडर म्हणायचे. तीन-चार तास लागायचे, पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकायची आणि वरच्या चौकोनात चालू असलेला तुकडा दिसायचा. आणि त्या वर्षी उन्हाळ्यापासून माझा कॉम्प्युटर या पट्टीच्या मध्येच गोठायला लागला. माऊस हलेना, घड्याळ पुढे जाईना. बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

अडकलेलं लग्न कौसाबाईंच्या मनीषाचं होतं. कौसाबाई आणि त्यांचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. मे महिन्यात मनीषाच्या हळदीच्या दिवशीच कौसाबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. पोरीच्या अंगावर अक्षता पडत होत्या तेव्हा आई बीडच्या दवाखान्यात पाय टांगून पडली होती. लग्न पुढे ढकलणं शक्य नव्हतं. पावसाळ्यात मुहूर्त नव्हते आणि त्यानंतर नवरदेवालाही ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं होतं. म्हणून त्या घरानं आयुष्यात पहिल्यांदा शूटिंगवाला लावला. मला.

जूनपासून कौसाबाई काठी टेकत येत. मी सांगायचो, "मावशी, पुण्याला डबिंगला पाठवलंय." जुलैत पुण्यात पाऊस होता. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या माणसाचं लग्न निघालं. सप्टेंबरमध्ये काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण त्या "बरं बाबा" म्हणून परत गेल्या होत्या.

बीडचा एक कॉम्प्युटरवाला येऊन बघून गेला. त्याच्या मते व्हायरस होता, सगळं पुसून नव्याने टाकावं लागणार होतं. आईच्या मते नवरदेवाच्या मामाची नजर होती, कारण फिल्म बहुतेक वेळा तो मामा पडद्यावर आला की थांबायची. तिने मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मी पुसूही दिलं नाही आणि लिंबूही काढलं नाही. ऑक्टोबरात टोळ्या निघायची वेळ आली, टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी चार दिवसांवर आली, तेव्हा मी अप्पांच्या दुकानात गेलो.

"मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय बे सुऱ्या?" अप्पा म्हणाले. पण चप्पल पायात घालूनच म्हणाले.

घरी येऊन ते कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले. आईने चहा दिला. मी मामाची गोष्ट सांगितली.

"मामाला सोड," अप्पा म्हणाले. "जेवनापासून सुरू कर."

मी पंगतीपासून रेंडर लावलं. अप्पा घड्याळ बघत बसले. विसाव्या मिनिटाला, वाढपी वरणाची बादली घेऊन वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"मामावर पडलंतं तवा किती मिनिटं झालती?"

"वीस-बावीस असतील."

"मंजी मामा निर्दोष हाय. आन् वरणबी." त्यांनी लिंबू सोडवून आईच्या हातात दिलं. "वैनी, ह्याचं सरबत करा. आता मला सांग सुऱ्या, सकाळी लवकर लावलं तर?"

मी आठवून बघितलं. सकाळी पट्टी जास्त पुढे जायची. पत्र्याची खोली दुपारी तापायची तेव्हा लवकर अडकायची. हे मला पाच महिन्यांत सुचलं नव्हतं.

"नुसतं चालू ठिवलं, गाणं-बिणं लावलं, तर?"

"दिवसभर काही होत नाही."

"मोटार बिनलोडची आठ दिवस फिरती," अप्पा म्हणाले. "पानी चढवायला लावलं की तिची लायकी कळती. तुझ्या मशीनला काम सांगितलं की ते तापतंय. खोल."

आधी त्यांनी आईने शिवलेलं मखमली झाकण काढलं, मग कॉम्प्युटर लाकडी कपाटातून बाहेर घेतला. "शाल पांघरून, कपाटात कोंडून वर काम सांगतोस." मग लिंग पाठीवर टाकून त्यांनी डब्याचा पत्रा उघडला.

आत पीठ होतं. गिरणीचं पीठ पंख्याने ओढून आत नेलं होतं. मुख्य चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत ते गच्च बसून उष्णतेने तांबूस झालं होतं. अप्पांनी नखाने पापुद्रा उचलला, वास घेतला.

"वैनी," त्यांनी आईला हाक मारली, "भाकर झालीय. तोंडी लावायला कोरड्यास काय हाय?"

ब्रशने आणि सायकलच्या पंपाने ते पीठ काढलं. पंखा आचके देत फिरत होता, त्याच्या मधोमध शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. चिप आणि पात्यांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी मलई वाळून खडू झाली होती. अप्पांनी दुकानातून ॲम्प्लिफायरला लावायची पांढरी मलई आणली आणि बोटाने पातळ पसरली. शेजारी टेबलफॅन लावला. मी रेंडर सुरू केलं. मामा आला, बोलला, गेला. चाळीस मिनिटं झाली. मी अप्पांच्या पाया पडायला वाकलो आणि तेवढ्यात पट्टी थांबली.

अप्पांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्यांनी डब्याला हात लावला. गार होता. ते पुन्हा कॉम्प्युटरकडे पाठ करून माझ्याकडे बघायला लागले.

"तू काय सांगितलं न्हाईस?"

मी म्हणालो, सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा दुसरा कप मागवला. शेवटी मी सांगितलं. लाईट गेली तर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती, तो नुसता दिवा लावायला ठेवला होता. आणि कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट मी पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. मनीषाचं लग्न आता जगात फक्त या डब्यात होतं. बीडवाल्याचं ऐकून सगळं पुसलं असतं तर लग्न संपलं होतं.

अप्पा शिव्या देतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "कौसाला ठावं हाय?"

"नाही. पुण्याला पाठवलंय म्हणून सांगितलंय."

"मग आधी तिच्याकडं जा. खरं सांगून ये. तवर मी ह्याला हात लावत न्हाई."

"अप्पा, आधी दुरुस्त तर होऊ द्या."

"दुरुस्त झाल्यावर खरं बोलायला काय अक्कल लागती?"

गेलो. कौसाबाई दारात पोत्यांना दोऱ्या लावत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पुण्यातल्या पावसासकट. त्या दोरी ओढत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, पोरगी कॅमेऱ्यात आलीच न्हाई. माझ्या जिवाला लागू नये म्हनून तू लपवतुयास. म्हनून मी जोर लावून इचारत नव्हते."

मी म्हणालो, मावशी, हवं तर आत्ता चला, तुकडे आहेत तसे कॉम्प्युटरवर दाखवतो.

"तुकडं नको," त्या म्हणाल्या. "अक्षतापासून पाठवनीपतुर सलग पायजे. मुकादमाकडं सीडीचं मशीन हाय. कारखान्यावर बायांना दाखवीन."

मी परत आलो तेव्हा अप्पा खोलीतल्या बल्बखाली बसून वर बघत होते. पुढे दादांनी गिरणीचा खटका दाबला. बल्ब मिणमिणला आणि पुन्हा पेटला. अप्पा हसले. "ह्ये बघ. तुझ्या बापाची मोटार उचलती तवा तुझ्या मशीनचा घास काढून घेती. दोन दुखनी हायेत. भाकरीचं बरं केलं. आता बापाचं कर."

म्हणजे चार तास गिरणी बंद ठेवायची. नेमक्या त्या आठवड्यात. टोळीवर जाणाऱ्या घरांना पाच-सहा दिवसांचं पीठ सोबत लागायचं. दारात डब्यांची रांग होती आणि दादांनी त्या गिरणीला कधी सुट्टी दिली नव्हती, माझ्या बारशालासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आल्या आल्या अप्पा गिरणीत गेले. मोटारीला कान लावला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बेरिंग बोलतंय. चार तास थंड ठिवावी लागंल."

"मागच्या सोमवारी तूच बदललंस ते बेरिंग," दादा म्हणाले.

"म्हनून तर मला त्याचा आवाज वळखू येतो."

दादांनी खटक्यावर हात ठेवला. मग त्यांची नजर रांगेवर गेली. तिसऱ्या नंबरला कौसाबाई उभ्या होत्या, काठीवर भार देऊन, डोक्यावर बाजरीचा डबा. रात्रीतून सगळ्या बायकांना कळलं होतं, कारण शकुंतलाकाकूंना कळलं होतं. पहिल्या नंबरच्या बाईने डबा खाली ठेवला आणि ती त्यावरच बसली. मग दुसरी. दादांनी स्वतः खटका वर करून गिरणी बंद केली.

"दोनला लाईट जाती," ते अप्पांना म्हणाले. "त्याच्या आत माझं बेरिंग बरं व्हायला पायजे."

चार तास डझनभर बायका माझ्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मशीनवर भार नको म्हणून मी चित्राचा चौकोन बंद ठेवला होता, पडद्यावर निळ्या पट्टीशिवाय काही दिसत नव्हतं, तरी त्या हलल्या नाहीत. पन्नास टक्के झाल्यावर कोणीतरी मामाचा विषय काढला आणि त्याची साठ टक्क्यांपर्यंत यथेच्छ निंदा झाली. अप्पा टेबलफॅनची जाळी धरून बसले होते. नव्वदला ते उठून बाहेर गेले. मागून मी बघितलं तर बोळात उभे राहून तंबाखू मळत होते.

पट्टी पूर्ण झाली. सीडी बनवून मी शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर लावली. कौसाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, पाय लांब करून जमिनीवर बसल्या. गुलाबातून नवरदेव निघाला तेव्हा त्यांनी "ह्ये काय" असं विचारलं. मंगलाष्टकांना त्या नुसत्या हात जोडून बसल्या. पंगतीला मात्र त्यांना सगळं दिसलं. "वरनात पानी घातलंय. आन् जाऊबाई बघा, लाडू पदरात." बायका हसत होत्या. मग पाठवणी आली. मनीषा जीपच्या दारात उभी राहून मागे वळून कोणाला तरी शोधत होती. कौसाबाई टीव्हीला म्हणाल्या, "हाय गं मी. बस, बस गाडीत."

सीडी संपली. त्यांनी डोळे पुसले, डबा उचलला आणि तिसऱ्या नंबरला जाऊन उभ्या राहिल्या. दादांनी गिरणी सुरू केली आणि त्यांचा डबा आधी दळला.

त्यानंतर गावातले लोक अप्पांकडे टेलिफोन, झेरॉक्स, काय काय घेऊन जायला लागले. मी नवी बॅटरी घेतली, कॉम्प्युटर गिरणीपासून लांब माळवदाच्या गच्चीवरच्या खोलीत नेला. अप्पा अधूनमधून येऊन डबा उघडायला लावायचे आणि आत डोकावून जायचे. कॅसेट मी परत कधी पुसली नाही. त्यांनी ते कधी विचारलंही नाही, नुसतं कपाटातल्या कॅसेटींकडे बघायचे.

अप्पा गेले ते एका पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापात. त्यांच्या मागे घरी भजन ठेवलं होतं. अंगणभर माणसं होती. भजन रंगात आलं आणि ॲम्प्लिफायर गुरगुरायला लागला. भजनीबुवांनी माइक हलवून बघितला, मांडववाल्याने दोन थपडा मारल्या. गुरगुर वाढली. भजन थांबलं. ज्याच्याकडे बघायची सवय होती तोच नव्हता आणि प्रत्येक जण खाली मान घालून बसला होता. मी उठावं की न उठावं या विचारात होतो.

बायकांमधून शकुंतलाकाकू उठल्या. पदर खोचला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. ॲम्प्लिफायरमागे वाकून एक तार सोडली, दातांनी तिचं टोक सोललं आणि दुसरीकडे पिळून बसवली. गुरगुर थांबली.

मांडववाला तोंड उघडं टाकून बघत होता. काकू त्याला म्हणाल्या, "अर्थिंग ढिली व्हती. चालू करा भजन."