अंगठ्याएवढी जर्मन राजकन्या

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात आलेल्या बायकांना हळूच चिमटा काढून बघणाऱ्यांतली मी... तेव्हा मला भोळी म्हातारी समजू नका.

काही वर्षांपूर्वीची, कोबेमधली गोष्ट. मुलाच्या नोकरीमुळे आम्ही दोघं नुकतेच इथे राहायला आलो होतो. आमच्या ह्यांच्या डोळ्यांचा पडदा तोवर झिजला होता. कडेकडेचं अंधुक दिसे, पण जिथे बघावं तिथे करडा डाग. माणसाचं तोंड नेमकं त्या डागात! मला ते आवाजावरून ओळखायचे.

आणि तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. जपानी शिस्तीचं नवंनवं वेड! कचरा जपान्यांपेक्षा काटेकोर वेगळा करायचा आणि सरकत्या दारालाही वाकून ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणायचं.

एका रविवारी नात, रेवा, आम्हाला म्युझियममध्ये घेऊन गेली. युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्याच्या संग्रहातली जर्मन सरदार-राजकन्यांची चित्रं — एवढीएवढीशी, काही तर अंगठ्याएवढी. लग्न जुळवताना पाठवायचे म्हणे.

“म्हणजे आपले स्टुडिओतले फोटोच की!” मी म्हटलं.

काचेसमोर रांग, बघत बघत पुढे सरकायचं. एका चित्रापाशी हे थबकले.

“अगं... दिसतेय.”

“काय?”

“बाई. केसांत निळी फीत, सुटत आलीय. ओठाखाली तीळ. रुसलीय बहुतेक.”

मला चष्म्यातूनही तिथे नुसता गुलाबी ठिपका दिसत होता. त्यात हे पक्के थट्टेखोर, जन्मभर मला बनवत आलेले. मागे रांग खोळंबलेली. कुणी हूं की चूं केलं नव्हतं, मीच शरमेने अर्धी झाले.

“अहो, पुरे! लोक थांबलेत.” मी दंड धरून ह्यांना ओढलं.

“थांब ना जरा—”

“नंतर येऊ परत!”

पुढच्या चित्रावर ह्यांना पुन्हा तोच करडा डाग.

बाहेरच्या दुकानात रेवाने प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक उघडलं. तेच चित्र, पानभर मोठं. निळी फीत, सुटत आलेली. ओठाखाली तीळ.

“होन्तो!” रेवा ओरडली. “आजी, खरंच आहे! आजोबांना कसं दिसलं?”

तिने दारावरच्या मुलीला विनंती केली, आणि त्या मुलीने हसत आम्हाला परत आत सोडलं. हे पुन्हा त्याच काचेला नाक लावून उभे राहिले. या वेळी मी कुणाचीही माफी मागितली नाही.

“दिसतेय का?”

“डाग,” हे म्हणाले. “मघाशी मान वळवणार होतो गं. म्हटलं, ही इतकी स्वच्छ दिसतेय, तर तूही दिसशील. तेवढ्यात तू ओढलंस.”

“बरं झालं! सुरकुत्या बघून पळाला असतात.”

हे खळखळून हसले. मला काही हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होऊच शकत नाही. मुलगा म्हणतो, मेंदू चित्रं रचतो. रचत असेल बाबा, पण तीळसुद्धा? हे आता नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढचा डाग शेवटपर्यंत हटला नाही.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. आणखी क्षणभर टिकलं असतं का, तेही नाही. मी ह्यांच्या डाव्या हाताला उभी होते, वीतभर अंतरावर.