पाठीखालचं बारदान

"मले फक्त एवढं सांगा, हे बारदान घरात आलं कसं?"

पार्वताबाईंच्या हातातल्या बारदानाला कडेनं हिरवा लुगड्याचा काठ शिवलेला होता. तो त्यांनी स्वतःच शिवला होता. खुशालरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला नाही.

"आणलं असन कोनं. एवढ्याशा बारदानासाठी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं तू."

"एवढंसं? बाजारातली जागा आहे ते माही!"

आणि ते खरंच होतं. त्यांच्या भाजीबाजारात जागेला ना भिंत, ना पाटी. ज्याचं बारदान पसरलेलं, त्याची जागा. बाई आजारी पडली की शेजारीण पहाटे तिचंही बारदान पसरते, मग तिथं कुणी बसत नाही. पार्वताबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथं बसत. पावसाळ्यात ऑटोतून वांग्यांचं पोतं उतरवताना कमरेत कट्‌कन झालं, तेव्हा चिखलात आडव्या पडूनही त्या पहिल्यांदा शेजारच्या आशाबाईला म्हणाल्या होत्या, "माही जागा पाहजो."

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली होती, "दुखणं ओसरलं, आता कमरेला बळ द्यायचं. नुसत्या झोपून राहिलात तर ती कामाची राहणार नाही." म्हणून रोज सकाळी उताणं पडून गुडघे वाकवायचे आणि कंबर हळूच उचलून धरायची. मग रांगत्या पोरासारखं ओणवं होऊन एक हात पुढं, दुसऱ्या बाजूचा पाय मागं. सुरुवातीला पार्वताबाईंना लाजच वाटे. सून गीतांजली दार लोटून घ्यायची, फरशी टोचू नये म्हणून सतरंजीखाली काहीतरी जाड घालायची आणि त्यांचे पाय धरून बसायची.

"अजून थोडं, आई. मंग बाजारात जासान तुमी."

त्या बोलण्यावर पार्वताबाईंनी घाम गाळला होता. हळूहळू पाण्याची बादली उचलता यायला लागली, तसं पाणी त्यांच्याकडे आलं. मग कणीक आली, भाकरी आल्या. आज ऊन चांगलं होतं म्हणून सतरंजी वाळवायला उचलली, तर खाली हे.

गीतांजली पिठाचे हात घेऊन दारात आली. सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "सांगून टाका ना बाबा आता." त्यांनी नजर पुन्हा टीव्हीकडे वळवली, तेव्हा तीच म्हणाली, "माहा भाऊ बसते तिथं, जीवनदादा. भाजीची गाडी लोटून लोटून थकला होता तो. बाबांनीच आशाबाईले सांगतलं का तुमी आता येत नाही, आन् तुमचं बारदान घरी आणलं."

"कंबर मोडलेली बाई बाजारात बसवली तर लोक मले काय म्हणतीन?" खुशालराव म्हणाले.

"मी बादली उचलतो तवा नाही मोडत कंबर? तवा लोक आंधळे होते काय?"

नवऱ्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. त्याला चहा हातात लागायचा, आणि तो हातात येत होता. पण रोज पाय धरणारे ते हात! त्याच हातांनी हे बारदान अंथरलं होतं.

"तुले तं माहीत होतं, गीता."

"सांगतलं असतं तं तुमी व्यायाम सोडला असता, आई."

"मंग कायच्यासाठी करून राहिली होती मी? तुमच्या भाकरीसाठी?"

गीतांजली हाताचं पीठ खरवडत राहिली.

"जाऊ दे ना आता," खुशालराव म्हणाले. "जीवन जमला तिथं. सोयऱ्याले उठवतं काय कोनी?"

पार्वताबाईंनी बारदान फरशीवर टाकलं, शिकवलं होतं तसं पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकल्या आणि त्याची नीट घडी घातली. तशाच उठल्या. कंबर बोलली नाही.

"उद्या पहाटे मी बाजारात जाईन," त्या म्हणाल्या. "जीवनले आजच निरोप द्या. आन् सकाळचं पाणी, चहा, भाकरी तुमचं तुमी पाहा."