सरपंचबाईंचा ईमेल नवऱ्याकडे

राजकारण शिकवायला निघालेल्या माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, डोक्यात जाणारे किस्से मात्र ढिगानं साठतात. माझ्याकडे तर एकाच वर्गाचे ढीगभर आहेत! नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात आमच्या संघटनेनं आसपासच्या जिल्ह्यांतल्या नव्यानं निवडून आलेल्या सरपंचबाईंसाठी ईमेल ग्रुपवर राजकीय शिक्षणाचा वर्ग काढला. पाठ मी लिहायचा, ग्रुपवर टाकायचा आणि बायांनी तालुक्याच्या कम्प्युटर क्लासमधून प्रिंट मागवून वाचायचा. बायांना घराबाहेर पडू देत नाहीत ना, मग पाठच त्यांच्याकडे जाऊ दे, असा माझा भाबडा विचार.

*

उद्घाटन संघटनेचे अध्यक्ष नाना यांच्या घरी. कम्प्युटरला हार, पुढे नारळ. चार पुरुषांनी स्त्रीशक्तीवर भाषणं ठोकली. मी विचारलं, "नाना, सरपंचबाई कुठायत?"

"मागच्या अंगणात की! एवढ्या माणसांचं भरीत कोण करणार?"

विद्यार्थिनी वांगी भाजतायत आणि इकडे वर्गाचं उद्घाटन! ते भरीत माझ्या घशाखाली उतरलं नाही.

*

मग मेंबर. ग्रुपवर झाडून सगळे पत्ते पुरुषांचे. नवरे, दीर, एक सासरासुद्धा! एकाला फोन केला तर म्हणतो, "ताई, सरपंच तीच आहे हो, ईमेल तेवढा माझा."

वर 'महिलांनी निर्भयपणे बोललं पाहिजे' यावर ग्रुपवर जोरदार चर्चा रंगली. एकाही बाईचा एक शब्द नाही! मी टेबलावर अशी मूठ आपटली की चहा सांडला.

*

एकदा मराठी फॉन्टनं घात केला. सरपंचाच्या अधिकारांवरचा पाठ सगळीकडे नुसते चौकोन आणि टिंबं होऊन पोचला. मला कळेपर्यंत इंग्रजी अक्षरांत उत्तरं सुरू झालेली. "अतिशय मार्गदर्शक!" "काळाची गरज!" नानांनी तर लिहिलं, "दोनदा वाचला."

काय वाचलंत हो दोनदा? चौकोन?

*

शेवटी वैतागून तो पाठ घेऊन मीच एसटीनं पिंपळनेर गाठलं. तिथून पुढच्या एका गावात सुमनअक्का सरपंच होत्या. त्यांचे यजमान दगाभाऊ दारातच आडवे आले.

"तिले काय समजस? मन्हाकडे द्या."

संताप असा आला! मी सरळ आत शिरले. अक्का चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाचा ताई, मी आयकस." ग्रामसभा सरपंचानंच चालवायची, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. गावाला एकच हातपंप मंजूर झालेला. अक्कांना तो वरच्या वस्तीत हवा होता, कारण तिथल्या बाया नाल्याचं पाणी भरायच्या. दगाभाऊंना तो स्वतःच्या दारात हवा होता. आणि सभा दरवेळी चालवायचे दगाभाऊच! म्हणून मी मुक्काम केला.

सकाळी दगाभाऊ नेहमीसारखे सरपंचाच्या खुर्चीत. अक्का बायांमध्ये बसल्या नाहीत. समोर येऊन उभ्या राहिल्या.

"उठा."

भाऊ हसले. "बस ना तठे, बायास्मा."

अक्का ग्रामसेवकाकडे वळल्या. "लिखा भाऊसाहेब. सभा सुरू व्हयनी नही. सरपंचनी खुर्चीवर दुसराच माणूस बठेल शे."

ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं. कुणीच हसलं नाही. दगाभाऊ उठले आणि शेजारची खुर्ची ओढायला लागले.

"तठे नही," अक्का म्हणाल्या. "वरली वस्तीन्या बायास्ना मांगे बसा. पंप त्यास्ना शे."