पाळणा, सागवानी, वापर बंद

काही घरांत लग्नाचे अल्बम जमतात, काही घरांत नुसतीच औषधं. आमच्या घरात म्युझियमचे किस्से जमलेत. सौंसरहून पांढुर्ण्याच्या म्युझियमला महिन्यातून एक चक्कर होतेच, म्हणून शेजारणीला वाटतं मला कलेची फार आवड. मी तसं वाटू देते. खरं कारण सांगायची लाज वाटते. तिथे आमचा पाळणा आहे, आणि तो मीच देऊन टाकलाय.

* * *

ओवी पोटात असताना मी दिवसभर मोबाइलवर वाचायची. जुन्या रंगात शिसं असतं, जुन्या लाकडात बोटं अडकतात. त्याच सुमारास वानखेडे सर, रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, आपल्या छोट्याशा म्युझियमसाठी घरोघरी जुन्या वस्तू मागत फिरत होते. मी म्हटलं, "सर, आजच न्या."

नवरा म्हणाला, "मी त्यातच वाढलो. जिवंत आहे ना?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं. म्हटलं, "रिस्क नको."

सासूबाई एवढंच बोलल्या, "तू शिकलेली आहेस बाई. तुलेच समजते."

* * *

ओवीचं बारसं ऑनलाइन मागवलेल्या क्रिबमध्ये झालं. बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. ओढायला दोरीच नव्हती.

नणंद म्हणाली, "वहिनी, हे हालत नाही काय?"

"हालत नाही, म्हणूनच घेतलं," मी अभिमानानं सांगितलं.

ओवी त्यात एकही दिवस झोपली नाही. आता त्यात धुतलेले कपडे झोपतात.

* * *

म्युझियममध्ये पहिल्यांदा गेलो, तर पाळणा कडीला टांगलेला आणि खाली कार्ड: "पाळणा, सागवानी. वापर बंद." सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"कोणं बंद केला, थे नाही लिवलं."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेरची संत्र्याची झाडं मोजत बसले.

* * *

ओवीला तिथली मुंडकं नसलेली दगडी मूर्ती आवडते. मी तिला दिवसातून पन्नासदा "पडशील" म्हणते, त्याचा परिणाम. मूर्तीकडे बघून तिनं विचारलं, "ही पडली? हिची आई कुठे पाहून राहिली होती?"

सर खूप हसले. मी कमी.

* * *

एकदा सवयीनं पर्समधून वेट वाइप काढला आणि पाळण्याची कड पुसली. वर "हात लावू नये" लिहिलेलं. वाइप लाल झाला.

"पाहा, रंग निघून राहिला," मी जवळजवळ खुशीत म्हटलं. एकदाची बरोबर ठरले होते.

सासूबाईंनी वाइप घेऊन वास घेतला. "रंग नाही. कुंकू हाय. संजूच्या बारशाचं."

संजू म्हणजे माझा नवरा. त्याच्या बारशाचं कुंकू मी चाळीस सेकंदांत पुसलं. वाइप अजून कपाटात आहे. फेकवत नाही.

* * *

शेवटी सरांना हळूच विचारलं, परत मिळेल का? त्यांनी रजिस्टर उघडून नंबर दाखवला. "मॅडम, नंबर पडला की वस्तू सगळ्यांची होते." मग स्वतःच ओशाळले. "मी दोन दिवस थांबायला पाहिजे होतं. तुम्ही आजच न्या म्हटलं."

* * *

मागच्या महिन्यात शाळेची पोरं आली होती. एका पोरानं जाता जाता पाळण्याला झोका दिला. सासूबाई ओरडल्या, "अरे, रिकामा पाळणा नाही हालवत!" पण पोरं पुढे गेली, पाळणा हलतच राहिला. घरी येऊन सासूबाई जेवल्या नाहीत.

या खेपेला त्यांच्या पिशवीत काहीतरी जड होतं. पाळण्यापाशी येऊन त्यांनी बाहेर काढलं. आमच्या पाट्याचा वरवंटा, ओवीच्या जुन्या कुंचीत गुंडाळलेला. बारशाला बाळाच्या आधी ठेवतात, तसा त्यांनी तो पाळण्यात निजवला.

सर धावत आले. "आई, नोंदीशिवाय वस्तू नाही ठेवता येत."

"मंग करा नोंद."

सरांनी रजिस्टर आणलं. वरवंटा, दगडी, एक. मग पेन थांबलं. "वापर?"

"चालू लिवा."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं. सासूबाईंनी दोरी उचलली, एकदा ओढली आणि माझ्या हातात दिली.

"धर," त्या म्हणाल्या. "हळू वढजो."