खळ्यावरचा बिनढोलकीचा नाच

तालमीचे किस्से कडब्याच्या गंजीसारखे असतात. एक पेंढी ओढावी तर वरच्या चार अंगावर येतात. आमच्या गावात नवा नाच आला ते साल मला सांगता येत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, इंजिनं यायची होती आणि विहिरीवर मोटाच चालत होत्या, तेव्हाची गोष्ट. ऐकणारे हसतात. हसा. मी कुणाला अडवलेलं नाही.

ग्रामसेवक चावडीवर येऊन म्हणाला, "अण्णा, नाचायला पंधरा माणसं पाहिजेत. विकास योजनेतून एक बाई आल्यात."

"लगीन कुणाचं हाय?"

"लग्न नाही. नवा नाच आहे. ह्यात ढोलकी नाही, घुंगरू नाही, गोष्टसुद्धा नाही."

"मग ऱ्हातंय काय?"

त्यानं हातातला कागद उलटसुलट बघितला. "माणसं," म्हणाला.

मी उठून चाललो होतो. पण कागदावर पहिलंच नाव माझ्या धाकट्या भावाचं, शिवाचं होतं. दीड वर्ष झालं, शिवा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. एका चुलीवरचं खायचो, एका विहिरीवर राबायचो, आणि मधे मुकेपणा. म्हटलं, नाचात तरी तोंड उघडेल. घातलं नाव. चाळिशीत!

*

पहिल्या दिवशी बाईंनी, कुंदाबाईंनी, सगळ्यांना खळ्यावर उताणं झोपवलं. "जमिनीला पाठ द्या. अंग सैल सोडा. श्वास कुठवर जातो ते बघा."

मी दिवसभर मोट हाकून आलेलो. माझा श्वास कुठवर गेला मला माहीत नाही. जाग आली तेव्हा सगळे माझ्याभोवती उभे! हुसेनभाई पिंजारी म्हणत होता, "बाई, उठवू का? लई घोरतंय."

"नका उठवू," कुंदाबाई म्हणाल्या. "इतकं सैल अंग अजून कुणालाच जमलेलं नाही."

मला शाबासकी मिळालेली ती तेवढीच.

*

मग बाई म्हणाल्या, "आपापलं काम करून दाखवा, पण हातात हत्यार नको."

हुसेनभाई मधोमध बसला. डाव्या हातात नसलेली धनुकली, उजव्या हातात नसलेला दांडा. मान एका बाजूला कलती करून त्यानं कापूस पिंजायला सुरुवात केली. तोंडातून आवाज नाही, काही नाही. पण शेजारी बसलेला बाबू शिंपी एकाएकी शिंकायला लागला. एक, दोन, चार शिंका!

हुसेनभाई हात न थांबवता म्हणाला, "जरा सरकून बस की. तंतू उडायलेत."

आणि बाबू सरकला! पुन्हा वर धोतर झटकलं!

*

उलटं चालायचं आलं तेव्हा पंधरा जणांची नुसती धडकाधडकी झाली. गोदाकाकू तर कडेला बसलेल्या ग्रामसेवकाच्या मांडीवर जाऊन बसल्या आणि वर त्यालाच म्हणाल्या, "आंधळा हायस का रे मुडद्या?"

मी मात्र खळ्याच्या ह्या कडेपासून त्या कडेला गेलो, मान न वळवता. बाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्हाला पाठीला डोळे आहेत का?"

"डोळे न्हाईत, बाई. मोट हाय."

मोट हाकणारा बैलांसंगं विहिरीकडं उलटा येतो. पाऊल चुकलं तर माणूस आत. बाईंना ते आवडलं. त्यांनी विचारलं, असं दुसरं कोण चालतं? सगळ्यांनी शिवाकडं बघितलं.

एका कडेला तो, एका कडेला मी. पाठ करून निघालो. कुणी थांबवलं नाही. पण दोघंही एकाच वेळी थांबलो. पाठीला पाठ लागायला वीतभर राहिली होती. त्याच्या अंगाची ऊब लागत होती.

मी म्हणालो, "शिवा."

तो पुढं चालत गेला.

*

शिवा मुका का झाला ते सांगतो. हा किस्सा नव्हे.

त्याची बायको पारू बाळंतपणाला अडली. दवाखाना तेरणेच्या पलीकडं आणि नदीला पाणी आलेलं. गाडी चिखलात रुतली. शिवानं तिला दोन हातांवर उचललं आणि काठापर्यंत आणलं. मला म्हणाला, "दादा, हिला जरा धर. मी पुढं होऊन पाण्याला उतार कुठं हाय बघतो."

मी तिचा भाया, थोरला दीर. आमच्यात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीच्या अंगाला हात लावायचा नसतो. मी म्हणालो, "थांब, बायामाणसं बोलावतो," आणि गावाकडं पळालो.

बायका घेऊन आलो तेव्हा शिवा तसाच उभा होता. पारू गेली होती.

*

तालमीचा सातवा की आठवा दिवस. दिवस कलला होता. कुंदाबाई म्हणाल्या, "आज प्रत्येकानं एक ओझं उचलायचं. हात रिकामे, पण वजन दिसलं पाहिजे. ह्या कडेपासून त्या कडेला न्या आणि ठेवा."

मी ज्वारीचं पोतं नेलं. हुसेनभाई कापसाची गाठ घेऊन पार कमरेत वाकला होता. गोदाकाकू म्हणाल्या, "कापूसच हाय ना? एवढं वाकायला काय झालं?"

"भिजलाय, काकू!"

सगळे हसले. एकेकानं आपलं ओझं नेऊन ठेवलं.

शिवा मधेच थांबला होता. दोन्ही हात पुढं, एक जरा वर, एक खाली.

"ठेवा आता," बाई म्हणाल्या.

त्यानं ठेवलं नाही.

"शिवाजीराव, ठेवा. झालं."

हसणं बंद पडलं. गोदाकाकूंनी पदर तोंडाला लावला. हुसेनभाई जमिनीकडं बघत राहिला. बाईंना काही माहीत नव्हतं.

मला कुणी सांगितलं नाही. मी गेलो, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे."

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. मग त्याचा उजवा हात हळूहळू माझ्याकडं कलला. शपथेवर सांगतो, माझी कोपरं खाली गेली.

"हिची मान सांभाळ, दादा," शिवा म्हणाला.