डावा कौल

माझ्या सात वर्षांच्या मुलीला मी खोटारडी ठरवलं, आणि तेही देवाच्या तोंडून वदवून घेतलं. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आम्ही तेव्हा कंग्राळीत राहत होतो. बेळगावच्या कचेरीत साहेबापुढे मान खाली घालणारा मी घरात मात्र देवाचा हवालदार होतो. एका सणाला नैवेद्याच्या ताटातली पोळी नाहीशी झाली. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मला तेवढं पुरलं.

"मी न्हाय खाल्ली, आप्पा."

"मग देवानं खाल्ली व्हय? चल, त्यालाच विचारू."

दंडाला धरून तिला देवळात नेलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पोर खरी, डावी पडली तर खोटी. डावी पडली. पाणी सुकून पडली असेल, वाऱ्यानं पडली असेल. मी विचारलं, "आता बोल." ती त्या कळीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "खाल्ली असंल."

दिवसभर तिला उपाशी ठेवलं. माझ्या वडिलांनी मला असंच वाढवलं होतं. ते ह्यालाच माया म्हणत, आणि मीही निर्लज्जपणे तेच म्हणत होतो.

अकरा वर्षांनी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकादशी सोडायच्या दिवशी भुकेनं तिला घेरी येत होती, तरी नैवेद्य दाखवेपर्यंत ती चुलीजवळ यायला तयार नव्हती.

"खा की गं, दोन जिवांची तू," माझी बायको तिला म्हणाली.

"नको. माझा मलाच भरवसा न्हाय. लहानपणी देवाची पोळी खाल्ली, आणि खाल्लेली आठवत बी न्हाय मला."

बायकोनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तू न्हाय गं. मी खाल्ली ती. तुझा भाऊ पोटात होता, भूक सोसंना." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांच्या भ्यानं गप बसले."

आधी मला तिचाच संताप आला. मग कळलं, पोटुशी बाई जिथं चोरून खाते आणि पोरीचा छळ बघूनही तोंड उघडत नाही, असं घर मी केलं होतं. असं घर कुठल्या देवानं मागितलं होतं माझ्याकडे?

मी मुलीपुढे खाली बसलो. "पोरी, तू खरं बोललीस. तुला खोटी ठरवायलाच मी देवळात न्हेलतो. चुकलो मी. मला माफ कर."