संताला टेकवलेली पेन्सिल

गरीब मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या संताला हात जोडून आपण त्याचाच वर्ग बंद पाडतो आहोत का? धर्मगुरू न होता, ब्रदर म्हणजे साधे ख्रिस्ती व्रतस्थ राहून, या संतांनी खडू हाती धरला. आमच्या वसईच्या शाळेत त्यांची तसबीर आहे. परीक्षेआधी मुलांची पेन्सिल तिला टेकवायची रीत. काल गावातल्या मार्थाबाय नातवाची पेन्सिल टेकवत होत्या.

"बाय, पेन्सिल आणता, नातवाला या शाळेत कधी आणणार?" मराठी वर्गाचे म्हातारे मास्तर म्हणाले.

"तो इंग्रजी शाळेत जातो ना!"

मास्तर वर्गात गेले. अर्धे बाक रिकामे होते, उरलेल्यांवर मजुरांची पोरं बसली होती. आणखी मुलं आली नाहीत तर जूनमध्ये हा मराठी वर्ग बंद होईल. मग मजुरांची ही पोरं कुठे जातील? संत प्रार्थना ऐकतीलही, पण बाक भरायला ते येणार नाहीत. जूनआधी तुमचं मूल या वर्गात घाला.